बोलत बोलत गाडी चालवा: सोलापुरातल्या नव्या बाइकस्वारांसाठी

बाबा सोलापूर डिव्हिजनला रेल्वेचे ड्रायव्हर होते. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढं सिग्नल दिसला की एकानं हात करून मोठ्यानं म्हणायचं, "डिस्टंट, डबल यलो," आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. दोघांनाही डोळे आहेत, मग म्हणायचं कशाला, असं मी लहानपणी विचारायचे. बाबा म्हणायचे, "डोळ्यांना सगळंच दिसतं गं. तोंडानं म्हटलं की डोक्यात जातं."

त्याचा अर्थ मला होटगी रोडवर कळला. जानेवारीतली संध्याकाळ, सातचा सुमार. उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड थेट डोळ्यांवर. पुढं काहीतरी काळं आहे हे मला दिसलं होतं. दिसलं होतं आणि तरी मी त्याच वेगानं गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात होता. डोकं वाचलं ते हेल्मेटमुळं. दवाखान्यात बाबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "ते काळं दिसलं तेव्हा तू मनात काय म्हणालीस?" मी काहीच म्हणाले नव्हते.

तेव्हापासून मी बोलत गाडी चालवते. ही काही आमच्या घरची युक्ती नाही. लंडनच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडनला ड्रायव्हिंगची शाळा काढली. ब्रिटनच्या पोलिसांना वरच्या दर्जाची गाडी शिकवताना आजही हेच करून घेतात: समोर काय दिसतंय, त्यातून काय होऊ शकतं आणि मी काय करणार, हे चालवता चालवता मोठ्यानं सांगायचं आणि शिकवणाऱ्यानं ऐकायचं. जपानच्या रेल्वेत तर बोट दाखवून म्हणायची पद्धत आहे. आपल्या इंजिनातला हात आणि हाक त्याच जातीची.

नुकतंच लायसन्स मिळालेल्या, कॉलेजला किंवा एमआयडीसीला रोज गाडीवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. गाडी चालवता येते, पण रस्ता वाचता येत नाही, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर पुढचे दीड-दोन महिने रोज पंधरा मिनिटं द्या.

आधी गाडी आणि अंग

हे थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि केलं जात नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं आणि पट्टा लावलेला. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत निघून जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते मागं बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. दोन्ही आरसे असू द्या आणि ते असे लावा की त्यात स्वतःचे खांदे कमी आणि मागचा रस्ता जास्त दिसेल. फोन खिशात, कानात काही नाही.

पहिला आठवडा: गाडीवर न बसता

आसरा चौकात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही वर्दळीच्या चौकात फुटपाथवर दहा मिनिटं उभं राहा आणि दिसतंय ते हळू आवाजात बोला. सुरुवातीला सगळे नुसती नावं घेतात: रिक्षा, बस, कुत्रं, भाजीची गाडी. ती झाली यादी. तिचा रस्त्यावर उपयोग नाही. वाक्यात दोन वेळा 'म्हणून' आलं पाहिजे.

"सिटी बस थांबली आहे, म्हणून तिच्या पुढून कुणीतरी पळत रस्ता ओलांडेल, म्हणून मी वेग कमी करीन आणि बसपासून लांब राहीन."

पहिल्या 'म्हणून'नं पुढं काय होऊ शकतं ते येतं, दुसऱ्यानं तुम्ही काय करणार ते. दुसरा 'म्हणून' सुचत नसेल तर तुम्ही रस्ता नुसता बघताय. एक बारकी गोष्ट सांगते. थांबलेल्या बसच्या पोटाखालून पलीकडच्या माणसांचे पाय दिसतात. पाय चालत पुढच्या चाकाकडं निघाले की दोन-तीन सेकंदांत तो माणूस तुमच्यासमोर येणार. हे मी चौकात उभी राहूनच शिकले, गाडीवरून ते कधी दिसलं नव्हतं.

कुठल्या भाषेत बोलायचं? दचकल्यावर तोंडातून जी भाषा निघते तीत. आपल्या गावात ती कुणाची मराठी असेल, कुणाची तेलुगू, कन्नड किंवा उर्दू. छापील शब्द शोधू नका. शब्द शोधण्यात अर्धा सेकंद गेला तर गाडी तेवढी पुढं गेलेली असते. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात सोळा-सतरा मीटर रस्ता मागं पडतो, म्हणजे अर्ध्या सेकंदात आठ. रिक्षा जेवढी लांब असते त्याच्या तिप्पट.

दुसरा आठवडा: गाडीवर, मोकळ्या रस्त्यावर

रविवारी सकाळी साडेसहाला जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर गर्दी नसते. तिथं ताशी तीसच्या आत चालवत बोला. नंतर विजापूर रोडला या, सैफुलवरून सोरेगावच्या दिशेनं. माझ्या तोंडून साधारण असं निघतं:

"पुढं डावीकडं रिक्षा थांबली, एक पाय बाहेर आलाय, कुणीतरी उतरणार. आरसा. मागं कार आहे, लांब आहे. उजवीकडं सरकते. वेग पस्तीस. डिव्हायडरला कट आहे, तोंडाशी स्कूटर, बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. ॲक्सिलरेटर सोडला, दोन बोटं ब्रेकवर. निघाल्या. जाऊ दे. आरसा. डावीकडनं एक उलटा येतोय, त्याला डावी कडा सोडली. पुढं मोकळं."

वाक्यं तुटकी आहेत, ती तशीच हवीत. नजर पुढच्या चाकावर किंवा पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटवर चिकटू देऊ नका. लांब जिथवर रस्ता दिसतो तिथून सुरुवात करा, मग जवळ या, मग आरसा, परत लांब. लांबचं आधी बोलायची सवय लागली की जवळचं आपोआप येतं, कारण जवळचं ते मघाशी लांब होतं तेव्हाच बोलून झालेलं असतं.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, तर किमान दोन सेकंदांचं. मोजायला आपल्याकडं चांगली सोय आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की गड्ड्याच्या यात्रेतला आपला गजर निवांतपणे म्हणा: "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र." तो पुरा व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार चिकटला आहात. एकदा घड्याळ लावून बघा, घाई न करता म्हटला की दोन सेकंद भरतात. पाऊस असेल तर दोनदा म्हणा.

क्रम: बघणं, जागा, वेग, गिअर, मग पळवणं

वळण असो, चौक असो की पुढं थांबलेली ट्रॉली असो, क्रम एकच ठेवा. आधी बघा, आरशातही. मग रस्त्यातली आपली जागा ठरवा. मग वेग कमी करा. त्या वेगाचा गिअर टाका. आणि पलीकडचं मोकळं दिसलं की मगच ॲक्सिलरेटर द्या. नव्या लोकांचं चुकतं ते इथंच: वळणाच्या मध्यावर ब्रेक आणि गिअर दोन्ही एकदम, तेव्हा गाडी कललेली असते आणि टायरकडं द्यायला काही उरलेलं नसतं. दुचाकीचा एक टायर जमिनीला टेकतो तो तळहाताएवढा. त्या तळहाताला वळणाचंही काम आणि थांबवण्याचंही काम एकदम सांगू नका. बोलताना हा क्रम मोजता येतो. "वेग" म्हणायच्या आधीच "गिअर" तोंडात आलं तर तुम्हालाच ते खटकतं.

जागा म्हणजे काय, ते उदाहरणानं सांगते. ट्रकच्या मागं असाल तर त्याचा आरसा शोधा. आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. अशा जागी थांबू नका, मागं या किंवा रस्ता मोकळा असेल तर पुढं निघून जा. रांगेत लावलेल्या गाड्यांच्या बाजूनं जाताना एका दाराएवढं अंतर सोडा. आणि उजवीकडं वळायच्या आधी आरसा बघितला असला तरी खांद्यावरून एकदा मागं नजर टाका, कारण आरशात न मावणारी गाडी नेमकी तिथंच असते.

तिसरा आठवडा: ब्रेक

हा आठवडा चुकवू नका. नव्या लेआउटमधला मोकळा, कोरडा डांबरी रस्ता निवडा, मागं-पुढं कुणी नसेल असा. ताशी वीसनं सुरुवात करा, जमलं की तीस, मग चाळीस.

बरेच जण पुढच्या ब्रेकला भितात आणि सगळी भिस्त मागच्यावर ठेवतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळं थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच चाकात असते. फक्त तो झटक्यात दाबायचा नाही. लिंबू पिळतो तसा पिळायचा: आधी हलका, पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबलेले हाताला जाणवू द्यायचे, मग जोर वाढवत न्यायचा. पायाचा ब्रेक सोबतीला, बेतानं. गाडी सरळ, हँडल सरळ, नजर समोर. क्लच अगदी शेवटी. वाळू किंवा कच असेल तिथं पुढचा ब्रेक अगदी हलका ठेवा, आणि वेग त्याच्या आधीच कमी करून या.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी रचना, सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी रचना. तुमच्या गाडीला काय आहे ते पुस्तिकेत बघा. एबीएस असेल तर खऱ्या गरजेच्या वेळी ब्रेक दाबून धरायचा, हातात थरथर जाणवली म्हणून सोडायचा नाही. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक अडकून घसरू शकतं. ते कसं वाटतं याची ओळख वीसच्या वेगात करून घ्या.

इथंही बोला. ब्रेक लावायच्या आधी "आरसा", मग "पिळते". मागच्या गाडीचं काय, हे बघायचं त्यामुळं राहून जात नाही.

ब्रेकचा हात बसला की त्याच रस्त्यावर आणखी एक गोष्ट करा. ताशी तीसच्या वेगात, दोन्ही हात हँडलवर, डाव्या हातानं हँडल हलकंच पुढं ढकला. गाडी डावीकडं झुकेल आणि डावीकडं जाईल. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. पण वेगात असलेली दुचाकी अशीच वळते, आपण नकळत तेच करत असतो. खड्डा किंवा कुत्रं अचानक समोर आलं की घाबरलेला माणूस हँडल नुसतं घट्ट धरतो आणि सरळ जाऊन आपटतो. "डावा ढकल" हे हाताला माहीत असेल तर गाडी बाजूला निघते.

वळणं

सोलापूर सपाट आहे, शहरात वळणाचा सराव होत नाही. त्यासाठी तुळजापूरच्या घाटाकडं सकाळी लवकर जा. वळणात एक खूण धरा: रस्त्याच्या दोन्ही कडा लांब एकमेकींना भिडल्यासारख्या दिसतात ती जागा. आपण पुढं जातो तशी तीही पुढं सरकली तर वळण उघडतंय, वेग ठीक आहे. ती जागच्या जागी राहून आपणच तिच्याजवळ जात असू तर वळण आवळतंय, वेग कमी करा. मी घाटात फक्त एवढंच बोलते, "येतेय, येतेय, थांबली, सुटली." आणि जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यातच थांबता येईल असा वेग, ही अट कुठल्याही वळणावर मोडायची नाही. पलीकडं बंद पडलेला ट्रक किंवा चाललेल्या भाविकांची रांग असू शकते. कोजागरीच्या सुमारास तर या रस्त्यावर तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा सरावाला इकडं येऊच नका.

त्यांना तुम्ही दिसत नाही

चौकात आडवी आलेली कार, आणि ड्रायव्हर म्हणतो "दिसलीच नाही हो गाडी." तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. डोळा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झपकन फिरतो तेव्हा मधलं काही दिसत नाही, मेंदू ती जागा स्वतःच भरून टाकतो. त्या मधल्या जागेत बारकी दुचाकी सहज हरवते. शिवाय सरळ अंगावर येणारी दुचाकी लांबून स्थिर वाटते, अगदी जवळ आल्यावर एकदम मोठी होते. त्यामुळं नव्या गाड्यांचा दिवा दिवसाही चालू राहतो, २०१७ पासून तसा नियमच आहे. तुम्ही आणखी एक करू शकता: कुणी आडव्या रस्त्याच्या तोंडाशी उभं असेल तर आपल्याच लेनमध्ये हळूच थोडं डावी-उजवीकडं सरका. हललेलं डोळ्याला लवकर सापडतं. आणि त्याच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा पुढच्या चाकाकडं बघा. माणूस तुमच्याकडं बघूनही निघतो, पण चाक फिरलं की तो निघालाच.

हे आपल्यालाही लागू आहे. चौकात दोन्हीकडं मान वळवून नजर क्षणभर थांबवा, आणि उजवीकडं दुसऱ्यांदा बघा.

उसाचे महिने, काळी माती, रात्र

दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की होटगी रोड, मंगळवेढा रोड, मोहोळकडचा रस्ता, सगळीकडं ट्रॉल्या आणि बैलगाड्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापते. वळणावर त्याच्या आतल्या बाजूला कधीही घुसू नका. ट्रॉलीबाहेर आलेली मोळ्यांची टोकं हेल्मेटच्या उंचीवर असतात. रस्त्यावर पडलेलं पाचट आणि चिरडलेली कांडी ओली असेल तर साबणासारखी सरकते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पसरते, तिचंही तसंच. पहिल्या पावसात तर महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल वर येतं. अशा जागेवर काही करायचंच नाही: ब्रेक नाही, वळण नाही, गाडी सरळ आणि हात सैल.

रात्रीचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. साध्या गाडीच्या लो बीमवर तीस-चाळीस मीटरच्या पलीकडचं नीट दिसत नाही. ताशी ६० ला, समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे सतरा मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, सराव असलेल्या हातालाही थांबायला वीसएक मीटर लागतात. दिव्याचा सगळा उजेड तिथंच संपला. नवशिक्या हाताला आणखी जास्त लागतं. ताशी ४५ ला हीच बेरीज पंचवीसच्या आसपास येते. त्यामुळं शहराबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर लो बीम असताना माझा काटा पंचेचाळीसच्या वर जात नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. समोरून उजेड डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर टाकते, वेग आणखी कमी करते आणि मोठ्यानं म्हणते, "दिसत नाही." हे दोन शब्द तोंडातून निघाले की ॲक्सिलरेटर आपोआप सुटतो. त्या संध्याकाळी मला हेच म्हणायचं होतं.

आवाज बंद पडला तर

बोलता बोलता शब्द अडकायला लागले, किंवा मागं गेलेल्या गोष्टीबद्दल तुम्ही आत्ता बोलताय असं लक्षात आलं, तर तुमचा वेग डोक्याला झेपत नाहीये. वेग कमी करा, आवाज परत येईल. मला या पद्धतीत सगळ्यात मोलाचं हे वाटतं. काटा साठ दाखवत असतो, पण आपल्याला आज, या गर्दीत, या थकव्यात किती झेपतंय ते काट्यावर नसतं. कामावरून परत येताना शांती चौकाच्या गर्दीत तीसलाही माझी वाक्यं तुटतात. मग मी वीसवर येते.

फार गर्दीत मात्र बोलण्याचा हट्ट धरू नका. नवव्या-दहाव्या दिवशीच सात रस्त्याला संध्याकाळी बोलत जायचं ठरवलंत तर बोलण्याच्या नादात समोरची रिक्षा नजरेतून सुटेल. तिथं गाडी आधी. फक्त एकेक शब्द: "उजवी", "बस", "थांब". महिनाभरानं तिथंही वाक्यं येतील.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुणाला तरी मागं बसवा, हेल्मेट घालून, आणि हळू चालवत बोला. त्यांना एवढंच सांगायचं की तुम्ही न म्हटलेली महत्त्वाची गोष्ट दिसली की खांद्यावर एक टिचकी मारायची. माझा भाचा पहिल्यांदा मागं बसला तेव्हा अर्ध्या तासात त्यानं सात टिचक्या मारल्या, आणि त्यातल्या पाच डावीकडून आतल्या गल्लीतून येणाऱ्या गाड्यांच्या होत्या. माझी नजर उजवीकडंच जास्त जाते हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. टिचक्या घरी येऊन लिहून ठेवा. तुमच्याही एकाच बाजूच्या निघतील.

पुढं पुढं आवाज आत जातो, ओठ हलत नाहीत आणि तरी वाक्यं चालू राहतात. आत गेलेली वाक्यं हळूहळू गाळली जातात, म्हणून महिन्यातून एक रविवार पुन्हा मोठ्यानं बोलायचा. मी त्या दिवशी सकाळी हवा तपासून विजापूर रोडला निघते, आणि परत येईपर्यंत घसा कोरडा पडतो, म्हणून पाण्याची बाटली डिकीत ठेवते.